बारीक नळकांड्याचा पंप

२३ नोव्हेंबर

मागचं डावं चाक पुन्हा बसलं! दवाखान्यासमोर नुसत्या उभ्या असलेल्या माझ्या पांढऱ्या गाडीचं. टायरवाला म्हणतो, रिमची कड झिजलीय, थंडीत तिथून हवा सुटते, नवी रिम नारीन शहरातच मिळेल. पंप काढला, ओढला — दांडी हातात आली, पंप खाली राहिला. दांडी तशीच हातात घेऊन घरी आले.

बेगायिमला, माझ्या सुनेला, नववा लागलाय. मागच्या वेळी सिझर झालं, बाळ जगलं नाही. या वेळी मूल पायाळू आहे. पोटावर हात ठेवला की डोकं वर लागतं. वीस वर्षं या गावात नर्स आहे मी, पण हे बाळंतपण माझ्या हातून इथे होणार नाही. नारीनच्या इस्पितळातच. दहा तारखेला भरती करायचंय. मध्ये किझिल-बेलची खिंड. मुलगा रशियात विटा रचतोय. गाडी चालवणारी मी एकटी, आणि मी घाबरलेय. कुणाला सांगणार? गावातले सगळे घाबरले की माझ्याकडे येतात.

२४ नोव्हेंबर

बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही घ्यायचं नाही, एक टोपडंसुद्धा नाही. जन्मापासून हेच पाळत आलोय. मग हात नुसते चळवळतात. पंप घेते!

२६ नोव्हेंबर

आत-बाशी गावचा बाजार. पंपवाला जोलदोश विजेवरचाच गळ्यात मारत होता. मला ताई मानून म्हणे, बटण दाबायचं नि चहा प्यायचा, एजे! म्हटलं, माझी बॅटरी सकाळी स्वतःच कशीबशी उठते, तुझा पंप कुठून उठवणार? शेवटी पायाने दाबायचा घेतला. छान लाल रंगाचा आहे. हवेचा दाब दाखवणारा काटासुद्धा आहे. घरी आणून अंगणात ठेवला, मुद्दाम. खिंडीत त्याला कोण शेकोटी देणार आहे?

२७ नोव्हेंबर

सकाळी नळी वाळक्या काटकीसारखी. वाकवली, मोडली. बरं झालं इथे मोडली. पण दिवसभर तोच आवाज कानात.

३० नोव्हेंबर

पंप परत न्यायला पुन्हा बाजारात. जोलदोश सगळ्यांना ओरडून सांगत होता की एजेने पंपाला उघड्यावर झोपवलं. म्हटलं, मग काय घेऊन झोपू त्याला? लोक हसले. तेवढ्यात ओमोर बाइके आले, सगळ्या बाजाराचे थोरले दादा. तीस वर्षं या खिंडीतून बस नेली त्यांनी, आता रिकामेच असतात. त्यांनी एकेक पंप उचलायचा, नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचा, दांडी रेटायची. दांडी अर्ध्यात अडून उलटी आली तर बरा. सरळ खाली गेली तर बाजूला. सात बाजूला गेले. जोलदोशचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग एक जाडजूड लोखंडी निवडला, आत चामड्याचा वायसर. म्हणाले, रबर थंडीत दगड होतं, चामडं तेलावर नरम राहतं. माझ्या चाकाची हवा सोडून त्यांनी शंभर रेट्यांत भरून दाखवलं. वा! पुन्हा हवा सोडली, म्हटलं आता मी. काटा दीडवर येईपर्यंत जमलं, चाकाला लागतात दोन. पुढे दांडी हलेना. मी तिच्यावर लोंबकळले, पाय जमिनीवरून सुटले. लोक पुन्हा हसले. या वेळी मला हसू आलं नाही. दीडवर अडकलेली मी खिंडीत, मागच्या सीटवर बेगायिम — ते सगळं डोळ्यांपुढे आलं आणि रडू फुटलं. भर बाजारात. लाज वाटली.

ओमोर बाइके हसायचे थांबले. पंपाच्या नळकांड्याकडे बघितलं, माझ्या दंडांकडे बघितलं. "चूक माझी. मी माझ्यासाठी पंप निवडत होतो," म्हणाले. मग ढिगाच्या तळातून बारीक नळकांड्याचा काढून दिला. जेवढं बारीक तेवढा जोर कमी लागतो, पण रेटे तिप्पट. मोजले. तीनशे बारा, दहा मिनिटं, काटा दोनवर! हाच घेतला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच जेवण गेलं आज.

३ डिसेंबर

रोज चाकाची हवा सोडते, रोज भरते. बेगायिम खिडकीतून मोजते. शेजारीण म्हणते, डॉक्टरीणबाईंना पंपाचं वेड लागलं.

५ डिसेंबर

बर्फ. खिंड अजून उघडी आहे म्हणतात. पाच दिवस थांब, पोरा, पाचच.

७ डिसेंबर, नारीन

नाही थांबलं. काल पहाटे पाणी गेलं. दहा मिनिटांत गाडीत बसलो. मला देवाचं नावसुद्धा नीट आठवेना.

चढाच्या आधीच चाक बसलं. पंप लावला. नळी वाकली, मोडली नाही. बेगायिम मोठ्याने मोजत होती. कळ आली की थांबायची, मग पुढचा आकडा. काटा दोनवर गेला आणि मी पंपाचा मुका घेतला. खरंच घेतला.

माथ्याजवळ एक गाडी एका बाजूला कलंडून उभी होती. रस्त्यात एक माणूस. त्याने हात वर केला. हातात पंपाची नुसती दांडी होती. काय हवंय ते मला लगेच कळलं.

खिंडीत उभ्या गाडीला टाकून कोणी जात नाही. वैरी असला तरी थांबतात. बेगायिमने आई म्हणून हाक मारली, "अपा, थांबा." मी म्हणाले, "गप्प बस." आणि गेले. तो बाजूला सरला, म्हणून बाजूने गेले.

दोन कळांमध्ये आठ मिनिटं होती. मूल अजून वरच होतं, खाली सरकलं नव्हतं. इस्पितळ दीड तासावर आणि पोरीला अजून चार-पाच तास. मी नर्स आहे, मला घड्याळ कळतं. माझ्याकडे दहा मिनिटं होती. पण भीतीपुढे माझं काही चाललं नाही.

सिझर झालं. मुलगी. दोघी छान आहेत.

८ डिसेंबर

परवा आम्ही उतरलो आणि दुपारी खिंड बंद झाली. खाली चौकी होती. तिथे तरी सांगायचं! नाही सांगितलं. तुम्ही का नाही थांबलात, असं विचारलं असतं. आजी झाले. बाळ मांडीवर देतात, मी परत देते.

९ डिसेंबर

बर्फ काढणाऱ्या गाडीने खिंडीतल्या त्या माणसाला काल आणलं. जिवंत आहे! खालच्या मजल्यावर आहे. पायांचं काही खरं नाही म्हणतात. जिन्यापर्यंत जाऊन आले.

१२ डिसेंबर

तो आला. त्याच दिवशी खिंड ओलांडून आलेली बाळंतीण वर आहे, असं त्याला नर्सांनी सांगितलं होतं. कुबडीवर, दोन मजले चढून. नाव शेरालि, मेंढ्या राखतो. डाव्या पायाची तीन बोटं काढलीत. बाळ बघायला रिकाम्या हाताने येऊ नये म्हणून खिशात अक्रोड आणले होते.

म्हणाला, "वॉर्डात सगळे त्या पांढऱ्या गाडीवालीला शिव्या देतात, एजे. मी म्हणतो, नका देऊ. तिच्याकडे पंप नसणार. असता तर थांबली असती. नव्हता ना?"

बेगायिम माझ्याकडे बघत होती.

"नव्हता," मी म्हणाले.