शेवटच्या पिंपातला रस्सा

मी, यल्मारी पार्किनेन, वय एकाहत्तर, धंदा चामडे कमावण्याचा, राहणार सार्किकोस्की, नदीकाठ, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. डॉक्टरांच्या मते यंदाची गवतकापणी मला दिसणार नाही. कोणी धाक घातलेला नाही, आणि लालूच दाखवावी असे माझ्याकडे काही उरलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी कारखाना माझी एकुलती मुलगी हेल्का हिला दिला होता.

पहिले. घर आणि सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, विकून येणारी सर्व रक्कम, तसेच बँकेतील शिल्लक, हेल्काला स्वीडनमध्ये पाठवावी. घर तिच्या नावे करू नये. रिकामे घर माणसाला हाका मारते.

दुसरे. कारखान्याचे हौद फोडून मातीने बुजवावेत. जागा चर्चला द्यावी, तिथे बटाटे लावावेत. आता कारण लिहितो. शेजारीण ऐली साक्षीला बसली आहे, ती म्हणते, “यल्मारी, कायद्याच्या कागदात असलं लिहीत नाहीत.” मी म्हटले, “मग कुठं लिहू, लोणच्याच्या बरणीवर?”

युद्धात बोटी बंद झाल्या, कातडे कमवायला लागणारा परदेशी सालीचा अर्क येईना. कागदाच्या मिलमध्ये लाकूड शिजवून लगदा काढला की तपकिरी पाणी उरते. आम्ही त्याला रस्सा म्हणतो. मिल तो नदीत सोडत होती. मी बादली भरून आणला आणि त्यात कातडे बुडवले. नुसत्या रश्शात कातडे पोकळ राहते. निम्मी वाळुंजाच्या झाडाची साल घातली की भरते. वर केकसारखा गोड वास येतो. त्या रश्शावर मी घर बांधले, दिवंगत बायको मार्त्ताला कोट घेतला, पोरीला शिकवले.

तिसरे. मागल्या वर्षी मिलने लाकूड शिजवायची पद्धत बदलली. आधीची सल्फाइट होती, आताची सल्फेट. नावात जेमतेम एका अक्षराचा फरक. मी खोकल्याने अंथरुणावर होतो म्हणून हेल्का टाकी घेऊन गेली. तिने फाटकावरच्या माणसाला विचारले, “काका, हा आपलाच रस्सा ना? काळा दिसतोय.”

“तोच गं. नाव तेवढं बदललंय. लग्नानंतर तुझंही बदलेलच की.”

जुना रस्सा आंबट होता. नवा म्हणजे निव्वळ दाहक क्षार. पोरीने तो हौदात ओतला. सकाळी काठी घातली तर कातडी हाती लागेनात, नुसता सरस. सबंध हिवाळ्याची कातडी होती. ती हौदाच्या काठावर बसून म्हणाली, “बाबा, मी बुडवलं.” मी काय म्हणालो ते तिला ऐकू गेले नाही, कारण मी खोकत होतो. महिन्याभरात ती गोथेनबर्गला मोटारींच्या कारखान्यात गेली.

तेव्हा म्हणालो ते इथे नोंदवतो: तू बुडवलं नाहीस. ती खेप वाचली असती तरी पुढच्या खेपेला जुना रस्सा नव्हताच. आता तो या नदीवर कुठेच निघत नाही, आणि निघणार नाही. बुडायचे होते ते मिलच्या कचेरीत आधीच बुडाले होते.

ती दर रविवारी फोन करते. “बाबा, येते मी. पुन्हा सुरू करू. रस्सा कुठंतरी मिळेलच.” माझे कान अजून शाबूत आहेत. ती मान खाली घालून बोलते, ते मला ऐकू येते.

चौथे. चांभार ओन्नी लेपिस्तो यास. युद्धापासून हा माझ्या मालाला कागदी चामडे म्हणत आला. “पाऊस आला की यल्मारीचे बूट घालू नका, वाचायला घ्या,” असे तो चर्चच्या पायरीवर सांगत असे. परंतु नुसत्या सालीत कमावलेला बुटाचा तळ चालताना करकरतो, माझा करकरत नाही. आणि ओन्नी, तू चर्चमध्ये माझ्या मागून येतोस तेव्हा मला फक्त तुझा श्वास ऐकू येतो. शिल्लक तळाचे चामडे तुला. आता उघडपणे वापर.

पाचवे. सौनामागे एक पिंप आहे. त्यात जुना, खरा रस्सा आहे, एका खेपेपुरता. हे पिंप हेल्काला माहीत आहे आणि मला भीती तिचीच वाटते. एक खेप उत्तम निघेल, तिला धीर येईल, ती तिकडची नोकरी सोडेल. मग दुसरी खेप कशात घालणार? म्हणून हे पिंप तिला देऊ नये, दाखवूही नये.

या रश्शाने खडीच्या रस्त्यावरची धूळ बसते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तो बसथांब्यापासून दफनभूमीच्या फाटकापर्यंत शिंपावा. काटकसर करू नये, पिंप उलटे करून निथळावे. हेल्का बसने येईल, काळे बूट घालून. येताना तिला धूळ लागू नये. जाताना तिने मागे वळून पाहिलेच, तर दिसायला काही राहू नये, याची तजवीज वर पहिल्या दोन कलमांत केली आहे.

वाचून पाहिले. बदलावेसे काही नाही.

यल्मारी पार्किनेन (सही)

आम्हा दोघांसमोर, एकाच वेळी, त्यांनी ही सही केली. ते शुद्धीवर होते आणि मध्ये दोनदा हसले.

ऐली तुओमाला, विधवा, शेजारीण (सही)
रेइनो हापासालो, निवृत्त पोस्टमन (सही)

सार्किकोस्की, ९ जून १९७८