दुसरी खुर्ची

एजॅक्स, ओंटारिओ
शनिवार, ३ मे २०२५

ती. बाळदादास,

यामिनीचा साष्टांग नमस्कार. साष्टांग फक्त कागदावर, कारण इथल्या थंडीत आखडलेले गुडघे अजून सुटलेले नाहीत. तू आणि वहिनी बरे असाल. तुझ्या साखरेची खबर तुमच्या विलासकडून कळते. दादा पेढ्याला शिवत नाहीत, असं सांगत होता. मी म्हटलं, बाबा, तुझ्यासमोर शिवत नसतील.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करते, म्हणून. आणि घरच्या ग्रुपवर लिहावं तर तू ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतोस, मधेमधे माझं शुद्धलेखन सुधारत. हे पत्र एकट्यानं वाच. वहिनीला दिलंस तर चालेल.

इथलं सगळं क्षेम. बर्फ गेलं. शुभंकरनं गाडीचे विंटर टायर काढले आणि कंबर धरून बसला. सूनबाईचं, निधीचं, फार्मसीचं काम जोरात आहे. गौरांगी माझ्याहून बोटभर उंच झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि राग आला की फ्रेंचमध्ये. तिकडे क्युबेकमध्ये, लव्हालला, आठ वर्षं फ्रेंच शाळेत शिकली ना. मागच्या ऑगस्टला हे लोक इकडे आले आणि पोरीची शाळा एकदम इंग्रजी झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. इथे नववीपर्यंत सगळी मुलं एका वर्गात असतात. दहावीपासून दोन वाटा होतात, एक पुढे युनिव्हर्सिटीला जाणारी आणि दुसरी, कशी सांगू, सोपी. शाळेतले एक सल्लागार आहेत, त्यांनी गौरांगीसाठी गणित आणि सायन्स दोन्हीला सोपी वाट काढली. का? तर तिथे ती जास्त कम्फर्टेबल राहील. हा शब्द इथे सोफ्याला आणि पोरींना सारखाच लावतात. दादा, पोरगी वर्गसमीकरणं तोंडी सोडवते. फक्त गणित गोष्टीत घालून आलं, कुणी जॉन होडीतून कुठेतरी चाललाय असं, की तिला आधी होडी फ्रेंचमध्ये न्यावी लागते. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि त्या सोप्या वाटेनं डॉक्टर होता येत नाही. हे त्या गृहस्थांनी सांगितलं नाही आणि आपल्या शुभंकरनं विचारलं नाही. थँक यू सर म्हणाला आणि फोन ठेवला. आपल्या अण्णांचा नातू शोभतो. मास्तर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार.

आम्हाला हे कळलं एप्रिलमध्ये, जेवताना. आणि मी हातातला घास ताटात ठेवला, कारण तोवर मी या विषयातली जाणकार झाले होते. ते कसं, ते सांगते.

जानेवारीत एका शनिवारी सकाळी मी गौरांगीला घेऊन ग्रोसरीला निघाले होते. वाटेत एक चर्च आहे. त्याच्या बेसमेंटमध्ये पोरं पाठीला दप्तरं लावून उतरत होती. शनिवारी सकाळी दप्तर घेऊन पोरं तळघरात उतरताना दिसली की आपल्या माणसाला काय वाटणार? क्लास. मी गौरांगीचा हात धरला आणि उतरले. ती सारखी आजी, प्लीज, आजी, नो म्हणत होती. तिच्याकडे कोण लक्ष देतं!

खाली टेबलाशी एक बाई बसल्या होत्या, माझ्याहून मोठ्या, केस पांढरेशुभ्र, चष्मा साखळीला. मी विचारलं, बॅच किती मुलांची? टेस्ट सिरीज असते का? नोट्स देता की मुलं उतरवून घेतात? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी आजूबाजूला पाहिलं. सगळी काळ्या समाजाची पोरं आणि त्यांचे आईबाप. सगळे आमच्याकडे बघत होते, आणि गौरांगीला बहुतेक जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मीही बिचकले, खोटं कशाला सांगू. पण क्लासच्या दारातून ॲडमिशन न घेता परत फिरायचं आपल्या रक्तात नाही.

त्यांचं नाव मिस अर्लीन. सगळे मिस लावूनच हाक मारतात, आपल्याकडे बाई म्हणतात तसं. निवृत्त शिक्षिका. त्यांनी समजावून सांगितलं की हा शिकवणीचा धंदा नाही, काळ्या मुलांसाठी आईबापांनी चालवलेली शनिवारची शाळा आहे. हुशार पोरांना शाळा सोप्या वाटेला लावत होत्या, म्हणून पुष्कळ वर्षांपूर्वी ही सुरू केली. गौरांगीनं बसायला हरकत नाही, पण दोन अटी. पहिला तास त्यांच्या समाजाच्या इतिहासाचा असतो, तो चुकवून फक्त गणिताला यायचं नाही. आणि पोराला सोडून निघून जायचं नाही, घरच्या माणसानं काहीतरी काम करायचं. मी म्हटलं, मंजूर. मला स्वयंपाकघर मिळालं. माझी थालीपीठं ही मंडळी त्यांच्या लाल मिरचीच्या सॉसबरोबर खातात. आधी मला ते बघवत नव्हतं, आता मीही तशीच खाते.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. ओळख काढायची म्हणून मिस अर्लीनना विचारलं, तुमचं मूळ गाव कोणतं? म्हणाल्या, नोव्हा स्कोशिया. ते कॅनडातच, समुद्राकडे आहे. मी म्हटलं, हो, पण त्याआधी? म्हणाल्या, नोव्हा स्कोशिया. मी आपली चिकट, विचारलं, म्हणजे आजोबा, पणजोबा? तेही तिथलेच, दोनशे वर्षांहून जास्त. मग त्यांनी विचारलं, तुझा मुलगा इथे कधीपासून? मी सांगितलं, नऊ वर्षं. तर म्हणाल्या, मग पत्ता चुकलात तर मला विचारा. सगळं स्वयंपाकघर हसलं. पुढे भांडी पुसताना त्यांनी सांगितलं की लहानपणी त्या काळ्या मुलांसाठीच्या वेगळ्या शाळेत होत्या, आणि गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेली पुस्तकं त्यांना मिळायची. दोनशे वर्षं इथलेच, तरी माझ्यासारखी काल आलेली बाई त्यांना गाव विचारते. मला फार लाज वाटली दादा. त्यांनी माझ्या हातात दुसरं फडकं दिलं.

निधीनं जेवायला हाक मारलीय. उरलेलं उद्या लिहिते.

रविवार, सकाळ.

शुभंकरला हा क्लास आवडला नव्हता. का, ते मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. म्हणाला, आई, त्यांचे प्रॉब्लेम वेगळे, आपले वेगळे. मराठी मंडळात हळदीकुंकवाला एकीनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, तिथे सेफ आहे ना हो? मी म्हटलं, नाही, पहिल्याच शनिवारी माझ्याकडून दोन किलो कांदे चिरून घेतले.

आता दुसऱ्या खुर्चीची गोष्ट. या लोकांचा एक शिरस्ता आहे. पोराबद्दल बोलायला शाळेत आईनं एकटीनं जायचं नाही. बरोबर समाजातलं कुणीतरी जातं आणि शेजारच्या खुर्चीत बसतं. आई बोलते. दुसरी खुर्ची बोलत नाही, फक्त लिहून घेते. आणि शेवटी दोनच प्रश्न विचारते, हे कुणी ठरवलं आणि कशावरून ठरवलं? मिस अर्लीन म्हणतात, एकटी आई मोठ्यानं बोलली की तिला भांडखोर ठरवतात, हळू बोलली की ऐकत नाहीत. शेजारी कुणी लिहीत बसलं की माणसं आपोआप नीट बोलतात.

फेब्रुवारीत आबेना नावाच्या बाईची पाळी आली. ती घानाची, हॉस्पिटलात नर्स आहे. मुलीला, एफुआला, इंजिनियर व्हायचंय, आणि शाळेनं तिलाही सोपी वाट काढलेली. नेमके त्या दिवशी सगळे अडकलेले. मिस अर्लीननी माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, हिचा चेहरा कामाचा आहे. हा चेहरा आपल्या आईचा आहे, तुला माहीत आहे.

मी इरकल नेसले, वर कोट, खाली बर्फातले बूट. बसले. एफुआच्या शाळेतले सल्लागार भराभर बोलायला लागले आणि मला त्यातलं निम्मंही कळेना. पण लिहिणं तर भाग होतं. तेव्हा मी दिसेल ते लिहीत सुटले. टाय निळा. खिडकीत निवडुंग, पाणी जास्त झालंय. सारखा घड्याळ बघतो. दाढी एका बाजूनं राहिलीय. आपली मोडकी मराठी अक्षरं त्या बिचाऱ्याला कळणार कशी? मी जितकं जास्त लिहीत गेले तितका तो जपून बोलायला लागला. बोलता बोलता थांबून मी लिहून होईपर्यंत वाट बघायचा. शेवटी मी दोन प्रश्न विचारले. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, यावर पुन्हा विचार करता येईल. आठवड्यात एफुआचं नाव युनिव्हर्सिटीच्या वाटेला लागलं. बाहेर आल्यावर आबेनानं विचारलं, एवढं काय लिहिलंस? मी वाचून दाखवलं. निवडुंगापाशी पोचले तेव्हा ती बर्फाच्या ढिगावर बसली होती, हसून हसून उठता येईना.

तर अशी मी, लोकांच्या पोरींसाठी खुर्चीत बसणारी, आणि माझ्या घरात थँक यू सर.

मागच्या शनिवारी मी शुभंकरला ओढतच क्लासला नेलं. तिथे मिस अर्लीनचा मुलगा डॅरिल आला होता, गळका नळ बघायला. तो प्लंबर आहे, स्वतःचा धंदा, हाताखाली माणसं. शुभंकरला वाटलं, बरा सापडला. त्याला म्हणाला, तुमचंच बघा ना, सोप्या वाटेनंही माणूस चांगलं कमावतो. डॅरिल सिंकखालून बाहेर आला.

"मी बारावीपर्यंत फिजिक्स केलं. मग प्लंबिंग मी निवडलं. माझ्यासाठी दुसऱ्या कुणी निवडलं नाही."

मग शांतपणे हे पण म्हणाला की त्याच्या चुलत भावाकडे दोन डिग्र्या आहेत, आणि नोकरीच्या अर्जावरचं नाव बदलेपर्यंत त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. शिकलं की सगळं मिळतं, असं इथे कुणी पोरांना खोटं सांगत नाही. पण, म्हणाला, दार लावायचंच असेल तर त्यांना ते आमच्या तोंडावर लावू दे, चौदाव्या वर्षी आमच्या पाठीमागे नको. शुभंकरनं डॅरिलला पाना दिला, तोही चुकीचा. घरी येताना गाडीत निधीला फोन करून म्हणाला, भेटीची वेळ मागून घे.

वेळ मिळाली, गुरुवार, २९ मे. त्याशिवाय दुसरी द्यायला शाळा तयार नाही. निधी बोलणार. दुसऱ्या खुर्चीत मिस अर्लीन बसणार असं ठरत होतं, कारण माझं तिकीट २६ तारखेचं आणि रविवारी, १ जूनला, तुझा अमृतमहोत्सव. तर गौरांगी, जी माझ्याशी कधी मराठी बोलत नाही, ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली,

"आजी, तू बस. मला तू पाहिजे."

दादा, मी तिकीट पुढे ढकललं. तुझ्या समारंभाला मी येत नाही. पहिल्या ओळीत लिहायचं ते इथवर ओढत आणलं, तुझ्या रागाची अजून भीती वाटते म्हणून.

पण खरं सांगायचं तर तिकीट हे एक निमित्त झालं. समारंभात मी करायचं म्हणून तू विलासकडून मला जे भाषण लिहून पाठवलंस, ते मी रोज वाचते. माझं भाषण तू लिहिलंस याचं काही नाही, तू माझे निबंधही लिहायचास. दुसऱ्या पानावर ते आहे. बाळासाहेबांनी शिक्षक झाल्याच्या पहिल्याच वर्षी, पक्षपाताचा आरोप नको म्हणून, आपल्या सख्ख्या बहिणीलाही आठवीच्या ड तुकडीत घातलं. पुढे कंसात लिहिलंयस, टाळ्या. ही गोष्ट तू प्रत्येक समारंभात सांगतोस, आणि टाळ्या खरंच पडतात. मीही पहिल्या रांगेत बसून वाजवत आले.

सातवीत मला गणितात वर्गात सर्वात जास्त मार्क होते. ड तुकडीला प्रयोगशाळेत नेत नसत. काचेतून त्या नळ्या दिसायच्या. आम्हाला त्या तासाला शिवण होतं. अण्णांनी काही विचारलं नाही, आईला विचारायचं असतं हे माहीत नव्हतं, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत कुणीच नव्हतं. मला वाईट वाटलं होतं. तेव्हाही, आणि दर टाळीला.

तू वाईट माणूस नाहीस. ड तुकडीतल्या पुष्कळ पोरांच्या फिया तू तुझ्या पगारातून भरल्यास, तेही मला माहीत आहे. म्हणून तर हे भांडण नाही, फक्त दोन प्रश्न आहेत. मला तिथे कुणी घातलं, हे तर तूच माईकवर सांगतोस. कशावरून घातलं, तेवढं मला कळव. उत्तराची घाई नाही, मी लिहून घ्यायला बसलेय.

भाषण विलासला वाचायला दे. दुसरं पान काढून मगच दे. आणि त्या पानाच्या जागी, माझी एवढी भर घाल, की बाळासाहेबांच्या बहिणीचं गणित चांगलं होतं.

वहिनीला नमस्कार. पंचाहत्तरीच्या दिवशी एक पेढा खा, विलासला मी सांभाळते. तुला उदंड आयुष्य लाभो, निदान मला उत्तर लिहिण्याइतकं तरी.

तुझी धाकटी बहीण,
यामिनी
आठवी ड