परड्यातली मांजरे, भिंतीतले सरडे

मी, तानाबाई गणपती पोतदार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा चांदीकाम, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या पोटात गाठ आहे आणि ती काढण्यापलीकडे गेली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. डोके मात्र ठिकाणावर आहे. तसा दाखला त्यांच्याकडूनच घेऊन सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धमकावलेले नाही. उलट मीच एकाला अडवून धरले आहे, ते पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले : मिळकत. पुढच्या दोन खोल्या, रस्त्याकडचा दुकानगाळा आणि मागचे परडे एवढी माझी मिळकत आहे. ती वडिलोपार्जित नाही. मी आणि माझ्या मालकांनी नवसाचे डोळे, पाळणे, पावले आणि देवाचे टाक घडवून ती घेतली. कागद करताना मालक म्हणाले, "हात तुझं भाजल्यात, नाव बी तुझंच लागू दे." म्हणून ती माझ्या एकटीच्या नावावर आहे. मालक गेले. आम्हाला मूलबाळ नाही. जवळचा म्हणावा असा दिराचा मुलगा अमरसिंह, तो पलीकडच्या गल्लीत भाड्याने राहतो. सगळे त्यालाच जाणार, असे तो धरून चालला आहे आणि गल्लीही. तो समज या कागदाने दूर व्हावा.

कलम दुसरे : परड्यात कोण राहते. हे लिहिणे वकिलांना अनावश्यक वाटले. मला वाटत नाही. परड्यात एक शेवगा, एक डाळिंब, जास्वंदीचे जाळे आणि मागे दगडी भिंत आहे. भुरी नावाची मांजरी आणि तिची लेकरे तिथे राहत होती. मी त्यांना पाळले नव्हते, ती आपली आपण आली. भिंतीच्या फटीत सरडे आहेत, धुण्याच्या दगडाखाली सापसुरळ्या, मीटरच्या पेटीमागे पाली. मांजरे दुपारी झोपली की सापसुरळ्या उन्हाला यायच्या. उजळा दिलेल्या चांदीसारखे त्यांचे अंग चमकते. मांजर जागे असले तर एखादीची नुसती शेपटीच मागे वळवळत राहायची. मी भुरीला केरसुणीने बडवले आहे, तिच्या जबड्यातून सरडे सोडवले आहेत. त्यातले निम्मे तरीही मेले. मांजर हा काही साधू प्राणी नाही, हे मला माहीत आहे. तरी त्या परड्यात दोघांचेही चालले होते आणि मी माझे काम घेऊन पायरीवर बसत होते. मालकांच्या मागे मला घर असे वाटले ते तिथेच.

कलम तिसरे : झाले ते. अमरसिंहाच्या दोन प्रवासी गाड्या आहेत. परड्यावर सिमेंट टाकून त्या तिथे लावाव्यात, असे त्याच्या मनात होते. रोज उठून तेच. एकदा मी वैतागून म्हणाले, "ह्या परड्यात एक मांजर हाय तवर मी तिथं गाडी लावू देणार न्हाय." तो हसून गेला.

गेल्या पावसाळ्याच्या आधी एका सकाळी भुरी नळाखाली आडवी पडलेली दिसली. पाय ताठ, तोंड उघडे, नखे मातीत रुतलेली. बाकीची जास्वंदीखाली. एक शेवग्यावर चढता चढता पडले होते. त्यांनी ओकून टाकले होते, त्यावर माश्या बसल्या. त्या माश्या सरड्यांनी आणि सापसुरळ्यांनी खाल्ल्या असाव्यात, कारण नंतर सापसुरळ्याही धुण्याच्या दगडापाशी उताण्या सापडू लागल्या. मांजरांसाठी खड्डे शेजारच्या कुलसुमने खणले, मला ते जमेना. डाळिंबाखालचे, अजून नुसते दूध पिणारे एक पिल्लू तेवढे वाचले. कोणी केले ते कळले नाही. मी गल्लीत सगळ्यांवर संशय घेतला, आणि मनात काही निरपराध माणसांना शिव्या दिल्या. त्यांनी माफ करावे.

मग दिवाळी झाल्यावर अमरसिंहाची बायको वर्षाराणी माझ्याकडे आली. दुकान बंद होऊनही नवसाचे काही हवे असले की लोक माझ्याकडेच येतात, तशी ती आली.

"काकी, एक मांजर पायजे हुतं. चांदीचं. ल्हानच."

मी म्हटले, "डोळं म्हण, पाळणा म्हण. मांजराचा नवस कुणी बोलतंय व्हय?"

"नवस न्हाय काकी. मांजर मेल्याचं पाप हाय. देवळात चांदीचं मांजर दिल्याबिगर फिटत न्हाय म्हणं."

मी हातातला चिमटा खाली ठेवला. मी विचारले, "मारलं कुणी?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "माशाची मुंडकी मीच शिजवून दिली. हे म्हणालं, काकीच्या मांजरास्नी घालतो. मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस निवळलं. त्यात उंदराचं औषध कालवलं ते मला मागनं कळालं." एवढे बोलून ती रडू लागली. पावसाळ्यात तिचा पाचवा महिना होता आणि मूल पोटातच गेले. कोणा देवऋष्याने तिला सांगितले की हा मांजराचा तळतळाट. आता तिला पुन्हा दिवस आहेत आणि भीतीने अन्न गिळत नाही.

मी इथे स्पष्ट लिहिते, म्हणजे ती हे कधीतरी वाचेल. वर्षाराणी, तुझे मूल मांजरामुळे गेले नाही. मांजराला तळतळाट देता येत नाही, नुसते तडफडता येते. पाप झाले ते तुझ्या हातून नाही. त्या सापसुरळ्यांचे पाप कशाने फिटते, ते त्या देवऋष्याने सांगितले नाही. त्यांच्यासाठी कोणी चांदी घेऊन आले नाही.

अमरसिंहाला मी बोलावून घेतले. तो मान वर करून म्हणाला, "तुम्हीच म्हणालासा की काकी, मांजर हाय तवर परडं न्हाय." त्याच्या अंगावर काही फेकण्याइतका जोर हातात नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

कलम चौथे : पुढच्या दोन खोल्या, गाळा, ऐरण, हातोड्या, मुशी आणि सगळे ठसे वर्षाराणीला, तिच्या एकटीच्या नावे. घुंगरू जोडायला मी तिला शिकवले आहे आणि तिचा हात हलका आहे. नवऱ्याने हाकलले तर तिला राहायला छप्पर असेल. तिला वाटले तर तिनेही त्याला हाकलावे.

कलम पाचवे : परडे कुलसुम शमशुद्दीन बागवान हिला. तिच्या मागच्या दाराची पायरी परड्यातच उतरते. तिला सरड्यांची किळस आहे आणि पाल दिसली तर ती शिवाजी पेठेपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडते. "तानाक्का, तुमच्या सरड्यास्नी सांगून ठेवा, माझ्या वाळवणावर येऊ नगासा," हे तिचे वर्षानुवर्षांचे बोलणे. पण इतक्या वर्षांत तिने एकालाही चप्पल मारलेली नाही. परड्यावर सिमेंट टाकू नये, छत घालू नये, भिंतीच्या फटी बुजवू नयेत. वाचलेले पिल्लू आता मोठे झाले आहे आणि सरडे मारायला शिकले आहे. मारू दे. ते पोटासाठी मारते, गाडी लावायला जागा हवी म्हणून नाही.

कलम सहावे : माझ्या लग्नातली पैठणी इचलकरंजीची माझी बहीण बयाबाई "नेसून बघते" म्हणून घेऊन गेली, ती आजतागायत नेसूनच बघते आहे. ती तिलाच दिली असे समजावे. आता तरी तिने ती लपवून ठेवू नये.

कलम सातवे : अमरसिंहाला मिळकतीतले काही नाही. मला अग्नी त्याने दिला तर चालेल, दुसरे आहे कोण.

चांदीचे मांजर मात्र मी घडवले. पाहिले होते तसेच घडवले. आडवे, पाय ताठ, तोंड उघडे, नखे बाहेर. त्याच्या पोटाशी उताणी सापसुरळी ठेवली आहे. ती कोणी सांगितली नव्हती, तिची चांदी माझी. दोन्ही डबीत बंद आहेत. डबी वर्षाराणीला दाखवू नये. ती अमरसिंहानेच उघडावी आणि देवळात स्वतःच्या हाताने ठेवावी. पण ती त्याला फुकट मिळणार नाही. त्याने हे मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून वाचावे आणि साक्षीदार म्हणून खाली सही करावी, मगच डबी त्याच्या हातात पडेल. म्हातारीला भ्रम झाला होता, असे उद्या कोर्टात म्हणायला मग त्याला तोंड राहणार नाही. गुजरीतल्या दुसऱ्या सराफाकडून मांजर करून घेईन, असे तो म्हणाला होता. पण बायको माझ्या हातचेच मागते आहे आणि तिला पुन्हा तोच पाचवा महिना लागला आहे.

अंमलबजावणीचे काम मालकांचे तालमीतले मित्र आण्णा चौगुले यांनी पाहावे. त्यांनी ते मान्य केले आहे, चहाच्या बोलीवर.

वर लिहिले ते माझे आहे, मी वाचून पाहिले, आणि त्यातला एक शब्दही मला मागे घ्यायचा नाही.

ठिकाण : मंगळवार पेठ, कोल्हापूर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : तानाबाई गणपती पोतदार

तानाबाईंनी आमच्यासमक्ष सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली.

साक्षीदार पहिला : आण्णा बाळू चौगुले, मंगळवार पेठ

साक्षीदार दुसरा : अमरसिंह शंकर पोतदार, मंगळवार पेठ
सगळे वाचले. डबी उघडून पाहिली. मांजर मिळाले.