परमिट माझ्याकडे

९ नोव्हें., रविवार
पार्सल आलं. तेजूने ओसरीवरच फोडलं. जड ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा, फोममध्ये गुंडाळलेले, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. गिटारचा आवाज मोठा करणारा अँप पोरगी स्वतः बांधणार. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला, नोकरीच्या अर्जांना उत्तर नाही, तोवर हे. विचारलं, आत व्होल्टेज किती? "साडेतीनशेच्या पुढे. डीसी." चहात साखर किती, असं विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं पोरीने.
माझ्या डाव्या हाताच्या, शॉकने भाजलेल्या दोन बोटांना मुंग्या. एरवी त्यांना गरम-गार काही कळत नाही. हे बरोबर कळलं.

११ नोव्हें.
ऑफिस. तक्रारींच्या फोनवर. खांबावरून पडल्यापासून हीच खुर्ची, तिसरं वर्ष. आज दिवसभर तेच आठवत बसलो. परमिट खिशात होतं माझ्या. म्हणजे लाइन बंद, माणूस वर आहे, त्याने परत आणून दिल्याशिवाय कुणी चालू करायची नाही, असा लेखी शब्द. कुणी केलीही नव्हती. लग्नाच्या मांडवातल्या जनरेटरचा करंट उलटा लाइनीत घुसला.
बंद म्हणजे मेलेली नव्हे. लाइनमनला हे एकदाच कळतं, आणि सांगायला तो उरेलच असं नाही.

१५ नोव्हें.
नाही म्हणून बघितलं. तेजू आत जाऊन डाग देत बसली. सोल्डरचा वास स्वयंपाकघरापर्यंत. बोलली ती तिची आई.
"ती काय आते लहान शे का? तुम्हनं भ्याव तिन्हा गयाम्हा कसाले बांधतस?"
माझी भीती पोरीच्या गळ्यात नको, हे खरं. सायंकाळी तोडगा काढला. अँपची मेनची वायर सुटी निघते, कॉम्प्युटरसारखी. डब्याचं झाकण उघडं असेल तोवर ती वायर माझ्या जाकिटाच्या खिशात. झाकण लावलं, हात बाहेर, मग मागायची. तेजू हसली. मग म्हणाली, "बरं. पप्पा, परमिट द्या, असं म्हणायचं ना?"
हो. असंच म्हणायचं.

२३ नोव्हें., रवि.
थांबवता येत नाही तर समजून तरी घेऊ. तिच्याशेजारी स्टूल घेऊन बसलो. तिने पाठकोऱ्या कागदावर चार चौकोन काढले. चार टप्पे. गिटारच्या तारेवरून येणारा सिग्नल इवलासा. पहिला व्हॉल्व्ह तो पन्नासपट करतो. मग दोन रेझिस्टन्स लावून त्यातला बराचसा फेकून द्यायचा. मग दुसरा टप्पा, परत वाढव, परत फेक.
मी म्हटलं, फेकायचाच तर वाढवायचा कशाला?
"सगळाच पुढे दिला तर पुढचा व्हॉल्व्ह गुदमरतो. नुसता चिखल ऐकू येतो. प्रत्येकाने थोडाच कापायचा, पप्पा. तिसरा तर मुद्दाम अर्धपोटी ठेवलाय, तो लाटेची एकच बाजू छाटतो. चौघांचं मिळून ते फाटणं गोड लागतं."
हिने दारातून ऐकलं. "आवाज फाडानाच व्हता त मन्हं मिक्सर काय वाईट व्हतं?"
हसलो तिघंही. बऱ्याच दिवसांनी.
पण एक गोष्ट डोक्यात राहिली. व्हॉल्व्हला गाणं कुठलं आणि घरघर कुठली हे कळत नाही. पहिल्या टप्प्यात मुंगीएवढी घरघर शिरली की चौथ्यातून ती हत्ती होऊन निघते. माझंही तसंच चाललंय. मन चिंती ते वैरी न चिंती.

३० नोव्हें.
आज अक्षर वाईट.
मोजणं झाकण उघडं ठेवूनच होतं, म्हणून तेवढ्यापुरती वायर दिली; दुपारी तेजूने अँप चालू करून व्होल्टेज मोजले. आधी स्टँडबायचा खटका पाडला, मग मेन बंद. वायर मला परत दिली. व्हॉल्व्ह उपसून ठेवले आणि जेवायला गेली. जेवून आल्यावर मी म्हटलं, मोज. ती म्हणाली, इतका वेळ झाला, उतरलं असेल. मोज म्हटलं ना.
दोनशेच्या वर. वायर माझ्या खिशात आणि आत दोनशेच्या वर. कंडेन्सरांनी धरून ठेवलेलं. ते उतरवायला जो रेझिस्टन्स असतो त्याचा डागच कच्चा निघाला.
आणि मग मी ते केलं. लाइनीवर वर्षानुवर्षं केलं तेच. तार मेली की नाही शंका आली, की थेट जमिनीला जोडायची. हातात पेचकस होता. कंडेन्सरच्या टोकाला आणि डब्याच्या पत्र्याला एकदम टेकवला.
फटाक्यासारखा आवाज. निळा उजेड. पेचकसाचं टोक वितळलं. मी भिंतीला जाऊन टेकलो, आणि मी त्या खोलीत नव्हतोच, खांबावर होतो. ओरडा चालू होता, तो माझाच होता असं ही नंतर म्हणाली.
तेजू पांढरीफटक. "पप्पा, असं नाही करायचं. रेझिस्टन्समधून सावकाश उतरवायचं." आवाज चढला नाही तिचा. माझा हात धरून बसली. मी तिला वाचवायला स्टूल टाकून बसलो होतो.

२ डिसें.
बांबूच्या कांबीला रेझिस्टन्स आणि चिमटा बांधून काठी केली तिने. कच्चा डाग पक्का केला. आता आधी काठी, मग मीटर, मग हात. मी बघतो. शिवत नाही काही.
ही म्हणते दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. पिऊ दे.

७ डिसें.
चारही टप्पे जोडले. गेनचं, म्हणजे सिग्नल वाढवायचं बटण अर्ध्यापुढे फिरवलं की शिट्टी. कान फाडणारी, गिटारला हात न लावता. मी उडालोच.
चौथ्याची तार पहिल्याच्या तारेला खेटून, समांतर गेलेली. म्हटलं, आमच्यात टेलिफोनची तार लाइनखालून न्यायची तर काटकोनात. शेजारून नाही, नाहीतर लाइनीतलं तिच्यात उतरतं. तेजूने हलवली. शिट्टी कमी, पण गेली नाही. मग पहिल्या व्हॉल्व्हच्या पायाशी तिने जाळीची वायर घातली, तेव्हा गप्प. अर्धं श्रेय माझं, म्हणाली. घेतलं.

२१ डिसें.
वाजवलं आज पूर्ण. मला ते संगीत कळत नाही. पण एक सूर तिने लांबवला, तो विझेचना. फाटलेला, तरी एकसंध. हीसुद्धा पीठ मळता मळता थांबली. मला पोरीचा अभिमान वाटला.
नंतर म्हणाली, दहा जानेवारीला शहाद्याला मैत्रिणीच्या कॉलेजचं गॅदरिंग. गाणार, वाजवणार.

२८ डिसें.
गिटारच्या तारा डब्याला जोडलेल्या. डबा वायरच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीला. ती पिन नसेल आणि आत काही सुटलं, तर करंट तारांत. तारांवर तिचा हात, ओठ माइकला, म्हणजे करंट तिच्यातूनच वाट काढणार.
आणि आपल्याकडे तिसरी पिन बसत नसली की पक्कडीने मोडतात. मांडवाच्या, डीजेच्या वायरी मी आयुष्यभर बघितल्यात.
तिला सगळं सांगितलं. "मला माहितीय पप्पा. म्हणून तर आपली वायर नेणार. बोर्डाला अर्थिंग आहे का तेही बघेन." मी येतो म्हटलं. "नको. तुम्ही समोर बसलात की माझी बोटं चुकतात."
नाही जाणार. कबूल केलं.

१० जाने.
सकाळी झाकण उघडून व्हॉल्व्ह घट्ट आहेत का बघितले तिने. मैत्रिणीची गाडी आली, हॉर्न, धावपळ. दारात उभा राहिलो. अच्छा केला. बरा होतो.
ऑफिसात दुपारी रुमालासाठी जाकिटाच्या खिशात हात घातला.
वायर.

१० जाने., एसटीत
रजा टाकून निघालो. अक्षर गाडीमुळे. तेजूला फोन केला, उचलत नाही. तालीम असेल. हिला केला. म्हणाली, "तिले सारं समजस, तुम्ही घर या." आणि थोडं थांबून, "पोचनात की मले फोन करा."
झाकण उघडं म्हणून वायर घेतली होती. झाकण लावल्यावर तिने मागितली नाही, मी दिली नाही. विसरलो, की ठेवून घेतली? छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.
मेसेज आला: "वायर मिळाली. साउंडवाल्याची. तुम्ही येऊ नका."
लिहिलं: तिसरी पिन आहे का बघ. एकच टिक.
प्रकाशा गावचा पूल. खाली बंधाऱ्यामुळे तापी भरून, कुणी बघत नाहीये. कंडक्टरला विचारलं किती वेळ. "आते यी जाई शहादं, काका. बठा."
कार्यक्रम सुरू झाला असेल. अजून एकच टिक, मेसेज पोचलेला नाही. डाव्या बोटांना कळत नाही म्हणून वायर उजव्या हातात घेतलीय. अंगठ्याने चाचपतो. तिन्ही पिना आहेत.