अल हैलमधली चवळी

अल हैल, १० डिसेंबर २०१४

तीर्थस्वरूप आईंना उल्हासचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आपले गुडघे आणि बाबांचा खोकला आता कसे आहेत? फोनवर माझा आवाज ऐकला की आपण फोन बाबांच्या हातात देता, म्हणून हे पत्र. आमच्या वरच्या मजल्यावरचे बदरुद्दीनभाई येत्या शुक्रवारी दापोलीला निघालेत, ते स्वतः आणून देतील. (खजुराचे दोन डबेही त्यांच्याकडेच आहेत. एकच मिळाला तर कळवावं.)

सांगायचं ते असं. आपल्या लेकीला, कलावतीला सातवा लागला हे आपल्याला ठाऊकच आहे. पूर्वाच्या वेळी तिला चिंच लागायची. या खेपेला तिने इंटरनेटवरून काढलेला एक कागद माझ्या हातात दिला आणि हे खावंसं वाटतंय म्हणाली. अमेरिकेच्या दक्षिणेकडची, कडधान्य आणि भाज्यांची पोटभरीची रस्सेदार भाजी. डोहाळेसुद्धा आता विमानाने येतात म्हणायचं. ती करायची मी, असंही ठरलं. यादीत भेंडी, मका, टोमॅटो, सिमला मिरची आणि धुरी दिलेलं डुकराचं मांस. ते मी खोडलं, कारण प्रमाण आठ माणसांचं होतं आणि जेवायला बदरुद्दीनभाई आणि त्यांच्या पत्नी सकिनाभाभी येणार होते. कडधान्याचं नाव इंग्रजीत होतं. पाकीट फोडलं तर आत चवळी. मी काही बोललो नाही. (सातव्या महिन्यात नवऱ्याने बोलू नये हे मी एव्हाना शिकलोय.)

चवळी रात्रभर भिजवा, ही ओळ मी गेल्या शुक्रवारी सकाळी दहाला वाचली. मग कुकरला नऊ शिट्ट्या दिल्या. भेंडी आधीच टाकल्यामुळे रस्सा चमच्याला धरून वर यायला लागला. सकिनाभाभींनी येऊन पाहिलं आणि त्या फक्त खोकल्या. मांस नाही तर निदान धूर तरी हवा, म्हणून मी धगधगता निखारा वाटीत ठेवून, वर तूप सोडून पातेल्यावर झाकण घातलं. निखारा मात्र लोबानच्या धुपाटण्यातला होता. इथे आखातात घरोघरी संध्याकाळी लोबान जाळतात, आमच्याकडेही सवय लागली आहे. भाजीला आरतीचा वास आला. बदरुद्दीनभाई भले माणूस, दोन घास घेऊन म्हणाले, "उल्हासभाऊ, खलास, पोट भरलं." कंपनीत चौदा माणसं माझ्या हाताखाली एसी दुरुस्त करतात. त्या दिवशी घरच्या एसीनेही तो वास निघाला नाही.

पण कलावती टेबलावर नव्हती. मी धुरी द्यायच्या आधीच तिने दोन वाट्या चवळी बाजूला काढली होती. कांदा, ओलं खोबरं, गूळ, आमसूल घालून तिने ती परतली आणि ओट्याशी उभ्याने खात होती. खाताना रडत होती. मी विचारलं तर कांद्यामुळे म्हणाली. पूर्वाने मला बाहेर नेऊन तिच्या मराठीत सांगितलं, "पपा, मम्मीला आजीची चवळी पाहिजे होता. पण ते आपल्या घरात अलाउड नाही ना."

तेव्हा मला आमचा दिवाळसण आठवला. आपण वाढलेली वाटी मी बोटाने सरकवली होती आणि चारचौघांत म्हणालो होतो, आमच्याकडे ही गुरांना घालतात. त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत आमच्या घरी चवळी शिजली नाही आणि आपण माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटत होतं, कलावतीला इतक्या दूर आणलं म्हणून असेल. आई, मी चुकलो. मला लाज वाटते.

बाकी इथे थंडी छान आहे.

आपला,
उल्हास

ता. क. १. डॉक्टरीण आता विमान नको म्हणते. दुसरं बाळंतपण सासरी, हे बरोबरच. पण सासरी कोण आहे? माझी आई गेली, आणि मी स्वयंपाक कसा करतो ते वर लिहिलंय.

ता. क. २. बाबांकडून पासपोर्टची प्रत मागवून आपला व्हिजिट व्हिसा काढला आहे, प्रत पाकिटात आहे. कलावतीला माहीत नाही. आपण नाही म्हणालात तर तिला कळायला नको.

ता. क. ३. आमसुलं आणावीत, इथली संपली. पहिल्या दिवशी चवळीच करावी आणि मला दोनदा वाढावी. खरं सांगायचं तर मला ती अजूनही आवडत नाही. पण वाटी सरकवणार नाही.