पाचवं शील

रविवार, संध्याकाळ

मिलिंद पाचव्या शीलाला गप्प राहिला. माझ्या सुजातासाठी आलेलं येरमाळ्याचं स्थळ, म्हणून मुद्दाम विहारात वंदनेला बोलावलं होतं आणि मी त्याच्याकडेच बघत होते. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं, चारही शीलं स्वच्छ म्हणाला. दारूचं आलं आणि ओठ मिटले.

बाहेर आल्यावर सरळ विचारलं. म्हणाला, "मावशी, कधीमधी घेतो. सोडायलोय, पण अजून सुटली न्हाय. पाळत न्हाय ते म्हणू कसं?"

कधीमधी! सगळे कधीमधीच घेतात. आणि हा प्रामाणिकपणा खरा, की मी बघतेय हे ओळखून केलेला?

घरी सुजाता फणकारली, "बाबा पाचही खणखणीत म्हणायचे. अन् घरी येऊन काय करायचे, सांगू?"

सांगायची गरज नव्हती.

विहारात पोरींना मीच शिकवते की शील हा कुणा देवाचा हुकूम नव्हे, आपलं आपण घ्यायचं आणि पाळायचं. मग ते मिटलेले ओठ मला का सलतायत? पण तेवढ्यावर पोरगी द्यायची?

मिलिंदला फोन केला. म्हटलं, दर रविवारी या. पाचवं म्हणाल त्या दिवशी लग्नाचं बोलू.

सुजाता हसली. "आता म्हणणारच की तो, आई. सुटली तरी अन् न्हाय सुटली तरी."

खरंच की. खोटं बोलायची वाट मीच दाखवली.

पुन्हा फोन लावला. "सुटत नाही तोवर पाचव्याला गप्पच राहा. मी तुमच्या शेजारी बसणार आहे."