जहाजाच्या पोटातले दादा

दादा, नौदलातल्या तुमच्या नोकरीचे कागद आले. लातूरला माझ्या दारात टपालवाल्यानं पाकीट दिलं तेव्हा गॅसवर फोडणी होती. ती जळाली, मी जळू दिली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हा खटाटोप कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर गावात वेशीजवळ माजी सैनिकांच्या नावांचा दगड बसणार होता. तुमचं नाव घ्या म्हणून सांगायला गेले, तर पारावरचे एक म्हातारबा हसले. "आपल्या लोहा तालुक्याकडं गुडघाभर पाणी न्हाई, अन् तुजा बाप जहाजावर व्हता म्हनं! कागद हाय का?" कागद नव्हता. तुमची पेटी कधीच वाळवीनं खाल्ली होती. पण मी तुमची लेक, गप्प बसते थोडीच!

कागद मिळवायला तुमचा नोकरीतला नंबर हवा होता. तो सापडला पितळी घागरीवर. लोकांच्या भांड्यांवर नावं, आपल्या भांड्यांवर आकडे. लहानपणी मला वाटायचं, दुकानदारानंच टाकले असतील. आता आईला विचारलं तर म्हणाली, "दुकानदाराचा कशाला? त्येंचाच नंबर हाय. मी लई भांडले. म्हनलं, लोक नाव घालतेत, तुमी हे काय करून राहिलात? तर म्हनले, नावावरून लोक जात काढतेत, नंबरावरून काय काढतील?" मी त्या घागरीशेजारीच बसले. बौद्धवाड्यातल्या पोरानं समुद्र कधी न बघता भरतीला जायचं, आणि परत येऊन घागरीवर असा जबाब कोरून घ्यायचा, ही छाती तुमचीच. तेवढ्यात आईनं घागर उचलली आणि चिंच लावून घासायला घेतली.

कागदांत तुमची जहाजं आहेत, वर्तणूक उत्तम आहे, आणि काम लिहिलंय स्टोकर. म्हणजे जहाजाच्या अगदी तळाशी, बॉयलरपाशी. खिडकी नाही, वारा नाही, आगीपुढं घामानं निथळत उभं राहायचं. मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही तर आम्हाला बाजेवर बसवून उडणारे मासे सांगायचात, सकाळी हिरवा नि दुपारी निळा होणारा दर्या सांगायचात. माझ्या पाठचा दादाभाऊ विचारतो, "भ्या नाही वाटलं?" आणि तुम्ही म्हणता, "भ्या कशाचं? पाळण्यात निजल्यागत वाटतंय बघ." आगीबद्दल अवाक्षर नाही. हातावरच्या डागांचं विचारलं की, "गरम पाणी सांडलं." पाळी संपल्यावर वर यायचं, तेवढाच समुद्र तुमच्या वाट्याला आला असणार, आणि तो सगळाच्या सगळा तुम्ही आम्हाला देऊन टाकलात. केवढे उमदे होतात तुम्ही! मला अभिमान वाटतो आणि रडूही येतं.

दगड बसला. तुमचं नाव आहे त्यावर, ठळक. ते म्हातारबा घरी येऊन म्हणाले, "चुकलं माजं, बाई." आईनं त्यांना चहा पाजला, साखर जरा कमीच घातली.

हे पत्र कुठं टाकणार? उशीखाली ठेवते. पण एक सांगून टाकते. पोरं कोकणात चल म्हणतात, तिकिटं काढतात, आणि दरवेळी मीच काहीतरी निमित्त काढते. साठी उलटली, मी अजून समुद्र पाहिलेला नाही. तुम्ही दिलेला आहे माझ्याजवळ, दादा. खरा त्याहून लहान निघाला तर?